एकाच पत्त्यावरच्या तिघी

फोन आला तेव्हा आई कापडावर ओणवी झालेली होती, आणि अशा वेळी ती फोन घेत नसे. रविवारी दुकानाचं शटर खाली, मशिनं बंद, कारागीर सुट्टीवर; म्हणून कापायचं काम ती रविवारी सकाळी काढायची. एका हॉटेलच्या बावीस खिडक्यांचे पडदे होते, राखाडी, जड कापडाचे, आणि खडूची रेघ अर्धी सोडून उठलं की ती पुन्हा जुळत नाही असं तिचं म्हणणं होतं. रेघ पुरी करून तिने खडू ठेवला तोवर फोन दोनदा वाजून गप्प झाला होता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिने उचलला.

"दुकान आज बंद आहे."

"दुकानाचं काम नाही हो. मी टूरवाली बोलतेय."

निघायला बारा दिवस उरले होते आणि या बाराही दिवसांत काहीतरी आडवं येणार अशी तिने मनाची तयारी करून ठेवली होती. "व्हिसा नाही झाला का?"

"व्हिसा सगळ्यांचे झाले. मी आज हॉटेलच्या खोल्या लावायला बसले आणि कोड्यात पडले. ग्रुपमध्ये आठ जणी आहेत. त्यातल्या तिघींचा पत्ता एकच आहे. पडद्यांच्या दुकानावर, पहिला मजला. तुमच्याकडे भाडेकरू राहतात का?"

"नाही."

"मग या सहासष्ट वर्षांच्या निवृत्त मेट्रन, आणि या तेहेतीस वर्षांच्या, रक्त तपासायच्या लॅबमध्ये—"

"नणंद आणि सून," आई म्हणाली, आणि जवळचं स्टूल पायाने ओढून त्याच्यावर बसली.

टूरवाली बाई तशी गोड होती, पण नियमाला पक्की. आठ बायका, आठही एकट्या येणाऱ्या, एका घरातून एकच, हे अर्जाच्या पहिल्या पानावर जाड अक्षरांत होतं. मैत्रिणी मैत्रिणी नकोत, मायलेकी नकोत, जावा जावा तर नकोतच. "मागे एकदा मायलेकींना घेतलं मी, भीड पडली म्हणून. नऊ दिवस आई लेकीची बॅग भरत होती आणि लेक आईला गोळ्यांची आठवण करत होती. त्यांच्याकडे बघून बाकीच्या सहा जणींनीही घरी फोन लावायला सुरुवात केली. सगळी ट्रिप फुकट गेली हो."

"मग आता?"

"आता तुमच्यापैकी एक. पाच वाजता मी हॉटेलला नावं पाठवते. कोण येणार ते तुम्ही ठरवून सांगा. नाही सांगितलंत तर तिन्ही नावं काढीन. वाईट वाटेल, पण काढीन."

फोन ठेवून आई तशीच बसून राहिली. तिला राग आला होता, आणि रागाबरोबर थोडं हसूही येत होतं, आणि त्या हसण्याचाच तिला जास्त राग येत होता. दोन महिन्यांपूर्वी तिने जेवताना सांगितलं होतं, मी परदेशी चाललेय, बायकांच्या ग्रुपबरोबर, एकटी. तेव्हा सगळे एका सुरात "जा, जा, जाच" म्हणाले होते. याआधी तीनदा तिचं असंच कुठे कुठे जायचं ठरलं होतं. एकदा मुलाची परीक्षा आली, एकदा सासरे जिन्यात पडले, एकदा नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. तिन्ही वेळा घरात आधी आठ दिवस चर्चा झाली होती. या वेळी चर्चाच झाली नाही. इतके सहज हो म्हणाले तेव्हाच शंका यायला हवी होती, असं तिला आता वाटलं.

आणि खुणा काय कमी होत्या? नणंद तीन आठवडे घरातल्या घरात नवे बूट घालून फिरत होती. विचारलं तर म्हणायची, गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय. सुनेने लॅबमध्ये रजा टाकली होती, कशासाठी ते विचारलं की ती भांडी घासायला घ्यायची. भांडी घासायला मशीन आहे त्या घरात.

आईला त्या नऊ दिवसांतला खरं तर एकच दिवस हवा होता. पाचवा. कार्यक्रमाच्या कागदावर त्या दिवसापुढे फक्त दोन ओळी होत्या. सकाळी नऊला प्रत्येकीच्या हातात गावाचा नकाशा देणार, आणि संध्याकाळी सहाला चौकातल्या कारंज्यापाशी भेटायचं. मधला सगळा दिवस प्रत्येकीचा एकटीचा. तो कागद तिने इतक्यांदा वाचला होता की घडीवर फाटायला आला होता.

ती वर गेली.

वर चौघेही जेवणाच्या टेबलाशी होते. बाबा चष्मा कपाळावर चढवून एका पितळी रिंगेचा वाकलेला हुक पकडीने सरळ करत होते. सोन्या, म्हणजे त्यांचा चौतीस वर्षांचा मुलगा, ज्याला गिऱ्हाइकं साहेब म्हणत आणि घरात कोणी म्हणत नसे, तो मोबाईलमध्ये होता. सून काकडी चिरत होती. मेट्रन पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसली होती, पेनने, कारण पेन्सिल वापरणं म्हणजे आधीच हार मानणं असं तिचं मत होतं.

"माझ्याबरोबर टूरला कोण कोण येतंय?" आईने विचारलं.

चिरण्याचा आवाज थांबला. मेट्रनने पेनचं टोपण लावलं. मग दोघींनी एकमेकींकडे असं काही पाहिलं, की दोघींनाही दुसरीचं माहीत नव्हतं हे आईला तिथेच कळलं.

"तू?" मेट्रन सुनेला म्हणाली.

"आत्या, तुम्ही?"

"तू हिला पाठवत होतास?" बाबांनी मुलाला विचारलं.

"तुम्ही आत्याला पाठवत होता?" मुलाने बाबांना विचारलं.

यात घराचा दोष होता तितकाच धंद्याचाही होता. पडद्याचं माप या दुकानात दोघांनी घ्यायचं, आणि एकाने घेतलेलं माप दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आबांनी, म्हणजे बाबांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. एक जण सकाळी जाऊन खिडकी मोजून येतो, दुसरा दुपारी जातो, आणि मग दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवतात. पन्नास वर्षांत त्यामुळे एकही पडदा आखूड झाला नव्हता. पण त्या सवयीपायी बापलेक कुठलीच गोष्ट एकमेकांना विचारून करत नसत. एका वर्षी आईसाठी दोन सारख्याच इस्त्र्या घरात आल्या होत्या. या वेळी दोन सोबतिणी आल्या होत्या.

"आणि मला विमानतळावर काय सांगणार होता?" आईने विचारलं.

"योगायोग म्हणणार होते," मेट्रन म्हणाली.

"योगायोग! एका घरातून, एका टॅक्सीतून?"

"मी वेगळी टॅक्सी करणार होते."

"आणि तू गं?"

सून मान खाली घालून काकडीच्या चकत्या ताटलीत रचत होती. "मी टोपी घालून मागच्या सीटवर बसणार होते. विमान उडालं की उठून पुढे येणार होते. उडाल्यावर तुम्ही मला उतरवू शकला नसता ना."

सोन्याला हसू आवरेना. आईने त्याच्याकडे पाहिलं, तसं ते आवरलं.

"हे सगळं काळजीपोटी केलंय गं," बाबा म्हणाले.

"काळजीपोटीच, आई," सोन्याही म्हणाला. एका क्षणापूर्वी एकमेकांवर डोळे वटारणारे बापलेक आता खांद्याला खांदा लावून उभे होते. "तू कधी एकटी पलीकडच्या गावालाही गेली नाहीस. भाषा येत नाही. त्यात तुझं बीपी."

"माझं बीपी घरात वाढतं," आई म्हणाली. मग तिने टूरवालीचा फोन आणि पाच वाजेपर्यंतची मुदत, सगळं सांगितलं. एका घरातून एक. नाहीतर एकही नाही.

सुनेला लाज वाटत होती. नवऱ्याने विचारलं तेव्हा तिने सासूसाठी म्हणून हो म्हटलं होतं, ते खरंच होतं. पण मग लॅबमध्ये मधल्या सुट्टीत ती त्या गावांचे फोटो बघायला लागली. तिथे एक तळं होतं, त्यात होडी होती, आणि होडीत कोणाच्याही दंडाला रक्त काढायचा पट्टा बांधलेला नव्हता. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की ती फोटोत सासूबाईंना कुठेच बसवत नव्हती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं आणि आताही सांगायचा तिचा विचार नव्हता.

"माझं नाव काढा," ती म्हणाली. "मी चुकले. आई, सॉरी."

"अगं, पण मग आईबरोबर कोण?" सोन्या म्हणाला.

"कोणी नाही. त्यांना ग्रुप आहे ना. आणि तू मला पटवलंस तसं आता त्यांना पटवायला बसू नकोस."

"मी कुठे पटवलं? तूच तर म्हणालीस की मी येते म्हणून!"

"ते मी माझ्यासाठी म्हटलं होतं," ती बोलून गेली. न सांगायचं ठरवलेलं दीड मिनिटात तोंडातून बाहेर पडलं होतं. सोन्या तिच्याकडे बघतच राहिला. आईनेही पाहिलं, पण तिच्या नजरेत राग नव्हता.

आता दोघी उरल्या. बाबा हुक सरळ करून झाल्यावरही पकडीने दाबतच होते.

"मी स्पष्ट बोलते," मेट्रन म्हणाली. वॉर्डात ती असं म्हणाली की पेशंटचे नातेवाईक उठून उभे राहत. "माझ्या या भावाने, बाळ्याने, मला सांगितलं, वहिनीवर लक्ष ठेव. मी हो म्हटलं. पण मला लक्षबिक्ष ठेवायचं नव्हतं. मला जायचं होतं. अर्जाला लागतात ते फोटो मी आधीच काढून ठेवले होते. छत्तीस वर्षांपूर्वी पासपोर्ट काढला, त्यानंतर दर दहा वर्षांनी नवा करते. एकाही पासपोर्टवर एकही शिक्का नाही. बास."

ती गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, आणि कोणी काढत नसे. मेट्रन तीस वर्षांची असताना तिचं परदेशातल्या एका हॉस्पिटलात ठरलं होतं. मग तिची आई अंथरुणाला खिळली, आणि मेट्रन राहिली.

"मग आत्यालाच जाऊ दे ना," सोन्या हळूच म्हणाला. "आई, तू अजून साठीची पण नाहीस. आत्या सहासष्ट. तू काय, पुढच्या वेळी..."

आणि सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

या घरात अशी पद्धतच होती. खिडकीजवळची जागा एक आणि माणसं दोन झाली, मोठी खोली एक आणि मागणारे दोन झाले, की सगळे आईकडे पाहत, आणि आई म्हणे, मला काय, मला कुठेही चालतं. मग सगळ्यांना हायसं वाटे आणि गाडी पुढे सुरू होई. आताही सोन्याने खुर्ची अर्धी मागे सरकवली होती, म्हणजे आईचं वाक्य संपलं की उठायला बरं.

"मी विचार करते," आई म्हणाली आणि जिना उतरून खाली गेली.

सोन्याने खुर्ची परत पुढे घेतली. "विचार करते म्हणजे?" त्याने बायकोला विचारलं.

"म्हणजे विचार करते," ती म्हणाली आणि काकडीची ताटली स्वतःपुढे ओढून एकटीच खायला लागली.

जेवणं कशीबशी झाली. आईने आपलं ताट खाली मागवलं. चार वाजायला आले तेव्हा बाबा खाली गेले. आई चौदाव्या पडद्यावर होती. त्यांनी न सांगता कापडाचं दुसरं टोक धरलं आणि ताणलं, आणि ती कापत आली. कात्री त्यांच्या बोटांपाशी येऊन थांबली. इतकी वर्षं ती तिथेच थांबत आलेली होती.

"मला भीती वाटली," बाबा म्हणाले.

"विमानाची?"

"विमानाची नाही." त्यांनी कापडाची घडी घातली, मग उलगडली. "तू तिकडे मजेत राहशील याची. आमच्यावाचून नऊ दिवस मजेत राहशील, आणि मग परत येऊन आमच्याकडे बघशील. म्हणून म्हटलं, घरातलं कोणीतरी बरोबर असावं. म्हणजे तू फार लांब जाणार नाहीस."

आईला त्यांची दया आली. हे बोलायला ते जिन्यात किती वेळ उभे राहिले असतील याचा तिला अंदाज होता, कारण मघाशी तिने पायरी वाजल्याचं ऐकलं होतं.

"परत आल्यावर आज बघते तशीच बघेन," ती म्हणाली. "पण मजेत राहीन. ते मी आत्ताच सांगते."

"म्हणजे तू जाणार."

"जाणार."

बाबा टेबलाच्या कडेला टेकले. "आणि ताईचं काय? तुला सगळं माहीत नाही. तिला मी अडवलं. आपल्या लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. मी आबांच्या खोलीत जाऊन म्हटलं, ताई गेली तर आईचं कोण करणार? तेवढंच म्हटलं. आबांनी दुसऱ्या दिवशी तिला नको म्हणून सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याकडे बघते ना, तेव्हा मला ते आठवतं. या एका वेळी तिला जाऊ दे. माझ्यासाठी. मग तू दर वर्षी जा, मी स्वतः सोडायला येईन."

आईने कात्री खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही.

"ताई राहिल्या म्हणून मी या टेबलाशी उभी राहू शकले," ती म्हणाली. "नाहीतर सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं माझ्यावर आलं असतं. मी ते एक दिवसही विसरलेले नाही. म्हणून हे बोलताना मला बरं वाटत नाहीये. पण तुमची चूक तुम्ही निस्तरा. माझ्या जागेवर दुसऱ्याला बसवून नका निस्तरू. दर वेळी या घरातलं काही निस्तरायचं असलं की माझं जाणं रद्द होतं. आबा पडले तेव्हा झालं, तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा झालं. ती दुखणी होती, मी काही बोलले नाही. हे दुखणं नाही. ही तुमची आणि तुमच्या बहिणीची गोष्ट आहे. वर जा आणि त्यांच्याशी बोला."

बाबा गेले. आई पंधराव्या पडद्याचं कापड पसरायला लागली, आणि तिला पहिल्यांदाच माप पुन्हा बघावं लागलं.

मेट्रनच्या खोलीत पलंगावर बॅग उघडी होती. बॅग भरून कधीच झाली होती. ती आता त्यातलं एकेक बाहेर काढत होती. गोळ्यांचा डबा, गुडघ्याचे पट्टे, सहा जोड्या मोजे.

"बस," ती भावाला म्हणाली. "मोज्यांवर बसू नकोस."

बाबा बसले आणि खाली बघून त्यांनी सगळं सांगितलं. आबांची खोली, ते एक वाक्य. सांगताना ते बासष्ट वर्षांचे वाटत नव्हते, आणि मेट्रनला लहानपणचा बाळ्या आठवला, काच फोडून पलंगाखाली लपलेला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"मी दाराबाहेर उभी होते रे. सगळं ऐकलं."

"मग आत का नाही आलीस? माझ्या मुस्काटात का नाही मारलीस?"

मेट्रन हातातला मोजा उलटा करायला लागली. तिला खोटं बोलायचं नव्हतं. बासष्ट आणि सहासष्टच्या वयात आता बोलून काय मिळणार होतं? पण खरं बोलायचीही तिला या बाबतीत सवय नव्हती.

"आत आले असते तर मला म्हणावं लागलं असतं की मी जाणार," ती म्हणाली. "आणि मला जायची भीती वाटत होती. सगळ्यांना सांगून बसले होते, पासपोर्ट झाला होता, वॉर्डातल्या मुलींनी निरोप समारंभ ठरवला होता. आणि मी ड्युटी संपवून जिना उतरायला लागले की मनात यायचं, हे रद्द झालं तर बरं. अनोळखी देश, अनोळखी डॉक्टर, रात्रपाळीहून येऊन एका खोलीत एकटीने झोपायचं. तू आबांना म्हणालास, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. मग मी दोन दिवस रडले. सगळ्यांना वाटलं, तुझ्यामुळे रडतेय. मी वाटू दिलं."

"छत्तीस वर्षं?"

"सोयीचं होतं."

बाबांना हसावं की भांडावं कळेना. "मी दर वेळी तुझ्यासमोर मान खाली घालून बसतो, ताई."

"हो. ते मला आवडायचं," मेट्रन म्हणाली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं माझं. तुझंही चुकलं, पण तुझं लहान होतं. माझं मी वाढवत नेलं."

खालून आईच्या कात्रीचा आवाज येत होता, थांबत थांबत.

"आणि आता?" बाबांनी विचारलं. "आता तर भीती नाही ना?"

"आता वहिनी होती म्हणून नव्हती. बाळ्या, तू मला तिच्यावर लक्ष ठेवायला पाठवत होतास, आणि मी तिच्या पदराला धरून जाणार होते. आता ती म्हणाली असती ना, की ताई, तुम्हीच जा, तर मी घरात सगळ्यांना धन्यवाद दिले असते, आणि निघायच्या आदल्या दिवशी माझा गुडघा दुखायला लागला असता. मला ते आत्ता सकाळी टेबलाशी बसल्या बसल्या कळलं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि मी मनात म्हणत होते, देऊ नकोस गं मला."

पाचला दहा मिनिटं असताना सगळे खाली दुकानात जमले. कोणी बोलावलं नव्हतं. सून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली, सोन्या तिच्या मागे उभा राहिला. दुपारी त्या दोघांचं काहीतरी बोलणं झालं असावं, कारण त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो हात जरा अवघडलेला होता. बाबा आणि मेट्रन पाठोपाठ आले. आईने कोणाकडे पाहिलं नाही. तिने आधीच ठरवलं होतं, की पाहिलं तर बोलता येणार नाही. तिने नंबर फिरवला.

"मी बोलतेय, पडद्यांच्या दुकानातून. माझं नाव ठेवा." तिला धाप लागली होती. "हो. मीच येणार. सुनेचं नाव काढा. आणि नणंदेचं..."

इथे तिने पाहिलंच. नणंद तिच्या समोर उभी होती.

"ताई, मला माफ करा," आई फोनवर हात ठेवून म्हणाली. "मी तुम्हाला जागा देऊ शकले असते. देत नाहीये."

"माफी कसली मागतेस," मेट्रन म्हणाली. "शहाणपणा केलास. तो फोन दे इकडे."

तिने फोन घेतला आणि वॉर्डातल्या आवाजात बोलायला लागली. "मी नणंद. माझं नाव या ग्रुपमधून काढा. पुढचा ग्रुप कधी आहे?... दोन महिन्यांनी. जागा आहे?... मग त्यात घाला. हो, सहासष्ट. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. जिने चढते मी, जिन्यांची काळजी करू नका... व्हिसाचं पुन्हा करावं लागलं तर करू." मग ती थांबली. पलीकडून काहीतरी विचारलं होतं. दुकानात सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. बाबा अर्धे पुढे झाले होते, जणू काही तिच्या वतीने उत्तर देणार आहेत, आणि मग तिथेच थांबले.

"नाही," मेट्रन म्हणाली. तिचा आवाज वॉर्डातला राहिला नव्हता. "बरोबर कोणी नाही. मी एकटीच."

तिने फोन जाग्यावर ठेवला, दोनदा चुकला, मग बसला. "कोणीतरी खुर्ची द्या मला," ती म्हणाली.

खुर्ची बाबांनी आणली. ती बसली, आणि सगळ्यांना हाताने वर जायची खूण केली. सोन्याला थांबायचं होतं, पण बायकोने त्याला शर्टाला धरून नेलं. बाबा शेवटी गेले.

दुकानात त्या दोघीच उरल्या. टेबलावर अर्धा कापलेला पंधरावा पडदा पसरलेला होता.

"वहिनी, एक विचारू?" मेट्रन म्हणाली. "तुला भीती नाही का गं वाटत?"

"वाटते ना," आई म्हणाली. "फार वाटते. सकाळपासून तर जास्तच. पाचव्या दिवशी नऊ वाजता त्या बाईने नकाशा हातात दिला की मी कुठल्या बाजूला वळणार, तेच मला कळत नाहीये."

मेट्रनने तिचा हात ओढून घेतला आणि मनगटावर बोटं ठेवली. नाडी खरोखरच पळत होती. तिने ती पूर्ण एक मिनिट मोजली, आणि हात सोडला नाही.